बी बाजूचं पाणी

माझी बायको शरीफुन्निसा खोटं बोलत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. अशा बाईबरोबर संसार करून बघा, मग कळेल. शेजारणीने मोठ्या हौसेने कालवण पाठवलं आणि ‘कसं झालं’ म्हणून विचारलं, तर ही सांगणार, मीठ पुढं झालं. बारशाला गेली तर पोर काळं आहे म्हणणार नाही, पण गोरं आहे असंही म्हणणार नाही. पोराचे कान छान आहेत म्हणेल, कारण ते खरोखर छान असतात. तिला अडचणीत पकडणं अवघड. मी मात्र तिच्याशी अकरा वर्षं खोटं बोललो, आणि तिने ते सगळं खरं मानलं, कारण समोरचा माणूस विनाकारण खोटं बोलेल हे तिच्या डोक्यातच येत नाही.

आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला. लग्न एक्क्याऐंशी सालचं. दीड महिन्याने मी बहारीनला आलो. त्यानंतर दर दोन वर्षांनी दोन महिने सुटी. लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा आमचं एकत्र राहणं सगळं मिळून जेमतेम वर्षाचं होतं. घरी मी सांगितलं होतं की मी पाणीखात्यात आहे. पाणी होतं, यात शंका नाही. पण ते शहरातल्या संडास-मोऱ्यांमधून वाहून आलेलं पाणी होतं. शहराबाहेर समुद्राच्या बाजूला सांडपाणी साफ करण्याचं केंद्र होतं, तिथल्या एका कंत्राटदाराकडे मी पंप ऑपरेटर होतो. जाळ्या साफ करायच्या, पंप चालू-बंद करायचे, चोक झालं की आत उतरायचं. शिफ्ट संपली की दोनदा साबण लावून अंघोळ, मग अत्तर. तरी बसमध्ये शेजारचा माणूस सरकून बसायचा.

तेव्हा फोन परवडत नसे. पत्रात मन भरत नसे. आम्ही सगळे कॅसेट भरून पाठवायचो. कोणी सुटीवर गावी निघाला की त्याच्या बॅगेत दहा-दहा घरांच्या कॅसेटी. त्याचा रिवाज ठरलेला होता. ए बाजू घरादाराची: मांला सलाम, चाच्यांना सलाम, कोणाला काय पाठवलं, आंब्याचा दर काय. ही बाजू ओटीवर सगळ्यांनी मिळून ऐकायची. बी बाजू बायकोची. ती तिने दार लावून एकटीने ऐकायची, आणि घरातलं कोणी मागायचं नाही.

आता आठ माणसं राहतात त्या खोलीत बसून बायकोशी कोण बोलणार? एकदा एकाने ब्लँकेट डोक्यावर घेऊन बी बाजू भरली, तर त्याची ती वाक्यं महिनाभर चहाबरोबर चघळली गेली. मला एकच जागा सापडली. केंद्राच्या मागे साफ झालेलं पाणी सिमेंटच्या उंबऱ्यावरून पुरुषभर खाली पडायचं आणि चरातून समुद्राकडे जायचं. साफ म्हणजे कागदावर साफ. वासामुळे तिकडे कोणी फिरकत नसे, आणि पाण्याच्या आवाजात माझं बोलणं दोन हातांवर ऐकू जात नसे. शुक्रवारी दुपारी मी तोंडावर रुमाल बांधून तिथे जायचो, बोलायच्या वेळी रुमाल खाली ओढायचो आणि शरीफुन्निसाशी बोलायचो.

तिच्या उत्तराच्या पहिल्याच कॅसेटमध्ये तिने विचारलं, “तुमच्या मागं ता पाणी कसला पडता?”

मी म्हणालो, धबधबा आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण खोट्याला भूक फार. पुढच्या कॅसेटमध्ये त्या धबधब्याला डोंगर आला, डोंगरात घळ आली, घळीतून दोन तास चालत जायची वाट आली. मग झाडं आली. एकदा तर मी पाण्यात पाय सोडून बसलोय असं म्हणालो. खरं तर त्या वेळी मी बुटावरची घाण काठीने खरवडत होतो.

मांच्या कानावर तो आवाज दाराआडून जायचा. म्हातारपणी तिला झोप येईना, तेव्हा ती म्हणायला लागली, ता पाण्याचा लाव. शरीफुन्निसाची पंचाईत झाली. बी बाजू सासूला कशी ऐकवणार? तिने मला सांगितलं, एक बाजू नुसत्या पाण्याची भरून पाठवा. मी पाठवली. तीस मिनिटं टेप पाण्याजवळ धरून उभा राहिलो. हात भरून आला, नाकावर रुमाल होता, आणि मनात मात्र काय म्हणत होतो, की मी आईची सेवा करतोय.

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात मां गेली. मला रजा मिळाली नाही. शरीफुन्निसाने कॅसेटवर सगळं सांगितलं. मरणाऱ्याजवळ वाचतात ती कुराणातली यासीन वाचून झाली, तिने मांच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं, ते आत गेलं नाही. मांने बोटाने टेपकडे दाखवलं. तिने ती बाजू लावली, आणि बाजू संपायच्या आत मां गेली. “तुमच्या पाण्याच्या आवाजात गेली,” शरीफुन्निसा म्हणाली, “तुमी जवळ व्हताव असाच समजा.” ही कॅसेट ऐकल्यावर मी जेवलो नाही. खोलीतल्या लोकांना वाटलं आईच्या दुःखाने. ते दुःख होतंच. पण घास उतरत नव्हता तो दुसऱ्याच कारणाने.

सासू गेल्यावर शरीफुन्निसा मोकळी झाली. आमच्या ऑफिसातला क्लार्क जैनुद्दीन, रायगडकडचा, भला माणूस, त्याची बायको महिनाभर गावी निघाली होती. तो म्हणाला, माझं घर रिकामं आहे, मी मित्राकडे झोपेन, तू भाभींना बोलव. त्यानेच खटपट करून व्हिजिट व्हिसा काढून दिला. ब्याण्णवच्या जानेवारीत शरीफुन्निसा आली. आमच्या मुलीला तिच्या मावशीकडे ठेवून आली. सामान उघडलं तर तांदळाचं पीठ, सुके बोंबील, आणि सरबताची धुतलेली एक लिटरची रिकामी बाटली, झाकणावर फडकं बांधलेलं.

“ही कशाला?” मी विचारलं.

“मांच्या कबरीवर शिंपडायला तितला पाणी न्यायचा हाय.”

सोन्याच्या बाजारात तिला रस नव्हता. समुद्रावर नेलं तर म्हणाली, समुद्र आपलाही हाय. तिला फक्त तो धबधबा बघायचा होता. पहिला शुक्रवार मी ताप आल्याचं सांगून टाळला. ती सुंठीचा काढा करून बसली उशाशी. दुसऱ्या शुक्रवारी ड्यूटी आहे म्हणालो, आणि एकटा जाऊन जबल दुखानच्या बाजूला वाळवंटात माझं खोटं बसेल अशी जागा शोधून आलो. बहारीनचा डोंगर तो एवढाच. आपल्याकडे त्याला टेकडी म्हणतील. त्याच्या अंगाला चुनखडीच्या खडकांत एक घळ सापडली, दोन्ही बाजूंना दोन पुरुष उंच भिंती, आणि शेवटी एक पुढे आलेला कडा. मी ठरवलं, इथे आणायचं आणि म्हणायचं, यंदा पाऊस नाही, आटला.

तिसऱ्या शुक्रवारी सकाळी रिफा गावाच्या पुढे एका पिकअपवाल्याने आम्हाला रस्त्यावर सोडलं. दुपार कलली की, असरच्या नमाजाच्या सुमाराला परत घ्यायला ये म्हणून त्याला सांगितलं. लांबवर थंडीच्या दिवसांतले स्थानिक लोकांचे तंबू दिसत होते. बाकी पिवळी जमीन, तेलाच्या पायपा आणि काटेरी झुडपं. शरीफुन्निसाने भाकऱ्या, तळलेली सुरमई आणि चहाचा थर्मास घेतला होता. बाटली तिने पिशवीत ठेवली नाही, हातात धरली होती.

आता मी जे केलं ते सांगताना मान वर होत नाही. मला वाटलं, ही दमली तर स्वतःच म्हणेल, राहू दे, परत चला. म्हणून मी सरळ घळीकडे गेलोच नाही. तिला वाळूतून फिरवलं. एक टेकाड चढवलं, उतरवलं, पुन्हा पायपांच्या कडेने मागे आणलं. तिच्या पायात नवीन चपला होत्या, खास बहारीनसाठी घेतलेल्या. अंगठ्याजवळ चामडी सोलली. तिने चपला काढून पिशवीत टाकल्या आणि अनवाणी चालायला लागली. दमलो मी. गुडघा बोलायला लागला. उन्हाळ्यात दिवसाला तीन-तीन खेपा डोक्यावर हंडा घेऊन गावाखालच्या ओढ्यातली, पऱ्यातली चढण चढणारी बाई ती, तिला वाळूचं काय?

“ता लाल पिंप आपण मगाशी बघितलाव,” ती म्हणाली.

“तशी खूप आहेत इथे.”

“बरा,” ती म्हणाली. पुन्हा विचारलं नाही.

दुपार झाली तेव्हा मी हार खाल्ली आणि तिला घळीत घेऊन गेलो. आत वारा थांबला. पायाखाली मऊ वाळू, दोन्ही बाजूंना पांढरट भिंती, वर आकाशाची पट्टी. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली, एखाद्या दर्ग्यात शिरताना करते तशी. कड्याखाली पोचलो. मी खोकलो आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

“अरे, हा आटलेला दिसतोय. यंदा पाऊसच नाही.”

तिने वर पाहिलं. खाली पाहिलं. मग बाटली खाली ठेवून खडकावरून हात फिरवला. आमच्या गावामागे पावसाळ्यात तीन धबधबे पडतात, त्यांच्याखालीच तिचं लहानपण गेलेलं. मी हा हिशेब केलाच नव्हता.

“नाय वो,” ती म्हणाली. “हितं नाय. धबधब्याखाली कोंड पडतो, खोल खड्डा. दगडं गुळगुळीत होतात. आटला तरी काळा पट्टा राहता. ह्यो खडक बघा, खरखरीत हाय. हितं कधी पाणी पडलाच नाय.” आणि माझ्याकडे बघून अगदी मायेने म्हणाली, “तुमी वाट चुकलाव.”

मी खोटं बोललो असेन हे तेव्हासुद्धा तिच्या मनात आलं नाही. ती बाटली उचलून बाजूच्या उतरणीवरून वर चढायला लागली, मला वाट सापडत नाही म्हणून स्वतः शोधायला. मी खाली उभा. वर जाऊन ती उभी राहिली, चारी बाजूंना बघत. वरून काय दिसतं ते मला माहीत होतं. पायपा, वाळू, आणि लांब समुद्राची रेघ.

बराच वेळ ती वरच होती. उतरली तेव्हा चेहरा वेगळा होता.

“ह्या मुलखात धबधबा नाय,” ती म्हणाली. “झाड नाय तितं धबधबा कसला? मग अकरा वर्षं दर शुक्रवारी तुमी खंय जाताव?”

मी पायाने वाळू सारत राहिलो.

“कोणाकडे जाताव?” तिचा आवाज खाली गेला. “मागं पाणी कोणाच्या घरचा वाजता?”

आयुष्यात मी लहानमोठ्या लाजिरवाण्या गोष्टी खूप केल्या. पण त्या क्षणी मनात आलं त्याच्याइतकी लाज मला कशाचीच वाटत नाही. मला वाटलं, समजू दे. दुसरी बाई आहे असंच समजू दे. बाईचा संशय पुरुषाला पेलवतो, लोकही चार दिवसांनी विसरतात. पण नवरा अकरा वर्षं संडासाच्या पाण्यात उभा होता, हे तिला कळायला नको. एवढा मी हलका झालो होतो. समोर ती उभी, अनवाणी पाय, अंगठ्याला रक्त, आणि मी तोलत होतो की कुठल्या पापात माझी इज्जत जास्त राहते.

मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मांच्या मयतावरसुद्धा ती दुसऱ्यांसमोर रडली नव्हती म्हणतात. मी तिथेच वाळूत बसलो आणि सगळं सांगितलं. केंद्र, जाळ्या, पंप, सिमेंटचा उंबरा, रुमाल. तिच्याकडे न बघता सांगितलं.

शेवटी तिने एकच विचारलं.

“मांला लावला ता पाणी?”

“तेच.”

“यासीन वाचल्यावर?”

मी मान हलवली. ती वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग तिने पिशवी उघडली, भाकरी काढली, त्यावर माशाचा तुकडा ठेवला आणि माझ्या पुढे धरला. “खावा,” म्हणाली. स्वतः खाल्लं नाही. मी खाल्लं. मला भूक लागली होती, हीसुद्धा लाजच.

पिकअपमध्ये बसल्यावर ती म्हणाली, “मना तितं न्या.”

मी नको म्हणालो. वास येतो, बायकामाणसांची जागा नाही, वॉचमन आत सोडणार नाही. तिने परत सांगितलं नाही, नुसती बघत राहिली. वॉचमन पेशावरकडचा रहिमतुल्ला होता. त्याने मला बायकोबरोबर पाहिलं आणि खुर्चीवरून उठून अदबीने फाटक उघडलं. मगरिबच्या नमाजाला अजून वेळ होता, ऊन उतरलं होतं. मागच्या बाजूला जाताना माझा हात सवयीने खिशात गेला, रुमाल काढून मी नाकाला बांधला. मग तिच्याकडे पाहिलं. तिने ओढणी नाकाला लावली नव्हती. मी रुमाल सोडला.

पाणी पडत होतं. तिने डोळे मिटून ऐकलं.

“ह्योच,” ती म्हणाली. “मधे तो चळ्ळ असा आवाज येता, तोसुद्धा हाय.”

तो चळ्ळ आवाज उंबऱ्याला अडकलेल्या एका पत्र्याचा होता. अकरा वर्षांत माझ्या तो कधी लक्षात आला नव्हता.

“तुमी हितं बसून बोलायचाव?”

“त्या दगडावर.”

ती दगडावर बसून बघायला गेली, मी हात धरून मागे ओढलं. तिने हात सोडवून घेतला, रागाने नाही, आणि बसली. मग जे बोलली ते मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं मांबद्दल बोलेल.

“मी तुमच्यावर जळायची,” ती म्हणाली. “खोटा कशाला बोलू? वैशाखात बाव आटायची. पऱ्यातल्या झऱ्यावर वाटी-वाटीनं हंडा भरायचा, वर चढायचा, आणि घरी येऊन बी बाजूला तुमचा पाणी ऐकायचा. तुमी पाय सोडून बसलेले. मी म्हणायची, ह्यो माणूस तितं मजा मारतो आणि मी हितं घसा कोरडा करतंय. सत्त्याऐंशी साली वरीसभर मी कॅसेट पाठवली नाय, ती त्यापायी. तुमी पुसलाव तेवा मी सांगितला, सवड नाय. सवड नव्हतीच. पण सवडीपायी नव्हता ता.”

ते वर्ष मला आठवत होतं. ती मला विसरली असं समजून मी त्या वर्षी याच दगडावर बसून रिकाम्या टेपशी भांडलो होतो. तिला वाईट वाटू नये म्हणून मी धबधबा केला होता, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नव्हतं. मला लाज वाटत होती म्हणून केला होता, आणि त्याचा भार तिने डोक्यावरच्या हंड्याखाली वाहिला.

“मांचा तेवढा कोणाला बोलू नका,” ती उठताना म्हणाली. “ती सुखात गेली. ता आता फिरवायचा नाय.” रिकामी बाटली तिने पिशवीत ठेवली.

उरलेले दिवस ती चांगली वागली. स्वयंपाक केला, जैनुद्दीनला डबा पाठवला. मी ड्यूटीवरून आलो की अंघोळीला पाणी काढून ठेवायची आणि साबणाची दुसरी वडी शेजारी. महिना संपला, ती गेली.

चार महिन्यांनी, मे महिन्यात, माझी सुटी आली. घरी पोचलो त्या संध्याकाळी ओटीवर माणसं जमली. मी येताना रस्ताभर विचार करत होतो की गावात काय कळलं असेल. शरीफुन्निसा खोटं बोलत नाही, आणि गाव विचारल्याशिवाय राहत नाही. आमची ताहेरा चाची पायरीवर बसली होती. तिने सगळ्यांसमोर सुरुवात केली.

“काय गो, मी कवापासून इचारीन म्हनते. तो धबधबा बघितलास काय, का नुसत्याच ह्याच्या बाता?”

मी चहाची बशी खाली ठेवली.

“बघितला,” शरीफुन्निसा म्हणाली.

“मोठा हाय?”

“हाय. रातदिस पडता.”

“मग ती बाटली नेली व्हतीस, ती भरून नाय आणलीस?”

शरीफुन्निसाने माझ्याकडे पाहिलं नाही. “नाय,” ती म्हणाली. “पाणी पिण्याजोगा नाय ता.”

“खारा असंल,” चाची म्हणाली. “चारी बाजूंनी दर्या.” आणि बोलणं आंब्यांवर गेलं. शरीफुन्निसा हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. एक शब्द खोटा बोलली नव्हती, आणि माझं सगळं झाकलं होतं. मला वाटलं, तिने चारचौघांत माझं पितळ उघडं केलं असतं तर मी आज थोडा तरी वर मान करून बसलो असतो.

ती आत गेली आणि हंडा-कळशी घेऊन बाहेर आली. दारची विहीर आटली होती, पऱ्यात जायचं होतं. मी उठलो, तिच्या हातातल्या हंड्याला हात घातला. आमच्याकडे पुरुष पाणी भरत नाहीत. ओटीवरची माणसं बघायला लागली. तिने हंडा माझ्याकडे दिला नाही.

“बसा,” ती हळू म्हणाली. “तुमी पाण्याचाच काम करून आलाव.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी बसलो. ती तीन खेपा करून आली तोवर तिथेच बसून होतो.